मशीनला साम्य दिसते, चोरी माणसानेच ओळखावी लागते

"किती टक्के चालते?" गेल्या काही महिन्यांत या सदराच्या वाचकांनी आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. कुणाची मुलगी बी.एड. करते आहे, कुणाची सून पीएच.डी.चा प्रबंध लिहिते आहे, कुणाच्या मुलाला कॉलेजने प्रकल्प 'चेक करून' आणायला सांगितले आहे. प्रश्न सगळ्यांचा एकच. लिखाण कॉम्प्युटरला दाखवले, त्याने एक आकडा दिला, आता हा आकडा चालेल की नाही?

नागपुरात हा प्रश्न ऐकायचा असेल तर बर्डीवर जावे. सीताबर्डीच्या मेन रोडच्या आतल्या गल्ल्यांत टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगची दुकाने आहेत. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत नाव छापलेले प्रबंध तिथे रचून ठेवलेले असतात. पूर्वी या दुकानांत 'पान किती रुपयाला' एवढीच विचारणा व्हायची. आता तिथेच 'चेकिंग'ही मिळते, आणि काही ठिकाणी हळू आवाजात 'टक्के कमी करून देऊ' असेही सांगितले जाते. हे काय प्रकरण आहे, ते घरातल्या मोठ्यांनीही समजून घ्यायला हवे. मुलांची वर्षे आणि घरातला पैसा, दोन्ही त्यात अडकलेले असतात.

मशीन नेमके करते काय?

ही मशीन कुणाचा हेतू ओळखत नाही. ती फक्त मजकूर जुळवते. एक साधे वाक्य घेऊ: 'घरात वाचनाचे वातावरण असेल तर मूल लवकर वाचायला लागते.' नऊ शब्दांचे वाक्य. मशीन त्याचे लहान तुकडे करते, समजा पाच-पाच शब्दांचे. पहिल्या शब्दापासून पाच, दुसऱ्यापासून पाच, असे एकूण पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा ती एक आकडा बनवते, म्हणजे त्या तुकड्याच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा. मग हे ठसे आपल्याजवळच्या भांडारातल्या ठशांशी लावून पाहते. त्या भांडारात वेबसाइट, मासिके, पुस्तके आणि आधी जमा झालेले प्रबंध असतात. जितके ठसे जुळले, तितके टक्के.

आता त्याच वाक्यात 'मूल' काढून 'लेकरू' घाला. पाचपैकी चार तुकडे बदलले. विचार तोच, वाक्य तेच, पण मशीनला एकच तुकडा ओळखीचा वाटतो. उलट एखाद्या मुलीने कायद्याचे कलम जसेच्या तसे, कायद्याचे नाव देऊन लिहिले तर सगळे तुकडे जुळतात आणि पान लाल होते. पहिल्या ठिकाणी नक्कल सुटली, दुसऱ्या ठिकाणी इमानदारीला रंग लागला. म्हणूनच या अहवालाला 'साम्याचा अहवाल' म्हणतात, चोरीचा नाही. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेली टर्निटिन ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी. तीही हेच सांगते की आमचा आकडा साम्य दाखवतो, निकाल शिक्षकाने द्यायचा.

आमची एक जुनी विद्यार्थिनी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. विषय मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा, प्रबंध इंग्रजीतून. तिच्या घराण्यात इथवर पोहोचलेली ती पहिलीच. तिचा पहिला अहवाल आला ४३ टक्के. घरात मातम झाल्यासारखे झाले. अब्बू म्हणाले, पाच वर्षे गेली. भाईजान बर्डीवरच्या एका दुकानात 'टक्के कमी' करण्याचा भाव विचारून आले. ती आमच्याकडे आली ती कागद घेऊन आणि डोळ्यांत पाणी घेऊन. "सर, मी चोर आहे का?" एवढेच विचारले.

आम्ही तिच्याबरोबर बसून तो अहवाल पानापानाने वाचला. शेवटची संदर्भसूची संपूर्ण रंगलेली होती. साहजिकच आहे, पुस्तकाचे नाव सगळेजण सारखेच लिहिणार. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ ची कलमे रंगलेली होती. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातले उतारे, अवतरणचिन्हांत आणि नाव देऊन घेतलेले, तेही रंगलेले होते. हे सगळे नियमाप्रमाणे वगळून पुन्हा तपासणी झाली तेव्हा आकडा १६ वर आला. पण त्या सोळात खरा दोषही सापडला. दुसऱ्या प्रकरणातली सलग अडीच पाने एका वेबसाइटवरून जशीच्या तशी आली होती. पहिल्या वर्षी तिने वहीत टिपणे काढली होती, कुठून काढली ते लिहिले नव्हते, आणि चार वर्षांनी ती टिपणे स्वतःचीच समजून प्रबंधात उतरवली. तिने ती पाने फाडली, मूळ लेख पुन्हा वाचला, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहिले आणि जिथून घेतले त्याचे नाव दिले. यात तीन आठवडे गेले. दुकानदाराने हे काम एका रात्रीत करून दिले असते, आणि ती अडीच पाने चोरीचीच राहिली असती.

नियम काय म्हणतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियम काढले. मास्टर्स, एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांना ते लागू आहेत. त्यात चार पायऱ्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारलेला प्रबंध द्यायचा. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर चोरी सिद्ध झाली तरी सुटका नाही, पदवी रोखून धरता येते.

पण याच नियमात विद्यार्थ्याच्या बाजूच्या ज्या गोष्टी आहेत, त्या फार थोड्यांना ठाऊक असतात. नाव देऊन घेतलेला उतारा, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश साम्यात धरायचे नाहीत. कायदे, सर्वसाधारण संज्ञा, ठरलेली चिन्हे आणि समीकरणे धरायची नाहीत. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले शब्द, सलग १४ शब्दांपर्यंत, धरायचे नाहीत. 'नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली' हे वाक्य दहा जणांनी सारखेच लिहिले तर ती दहा जणांची चोरी होत नाही. आणि संशय आला तरी मशीन शिक्षा देत नाही. विभागाची समिती बसते, तिच्यात एक सदस्य विभागाबाहेरचा असतो, ती ४५ दिवसांत अहवाल देते आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. आकडा ऐकून घाबरून गप्प बसणाऱ्या मुलींना आमचे सांगणे आहे की, बाजू मांडणे हा तुमचा हक्क आहे. तो मागा.

तपासणीसाठी पैसे भरण्याचीही बहुधा गरज नसते. केंद्र सरकारने २०१९ च्या सप्टेंबरात 'शोधशुद्धी' नावाची योजना सुरू केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत देशभरातल्या विद्यापीठांना तपासणीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आधी उर्कुंड होते, नंतर ड्रिलबिट आले. आपल्या गाइडमार्फत किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ते वापरता येते.

इंटरनेटवरच्या अनोळखी फुकट साइटवर मात्र प्रबंध चढवू नका. काही साइट तो मजकूर स्वतःजवळ ठेवून घेतात. उद्या तुमचाच प्रबंध कुठेतरी दिसला, तर विद्यापीठाच्या तपासणीत तुम्ही स्वतःचीच नक्कल केलेले ठराल. मजकूर साठवण्याचा हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी आपले निबंध साठवून ठेवण्याविरुद्ध टर्निटिनच्या मालक कंपनीवर खटला भरला होता. २००९ साली अपील न्यायालयात ती मुले हरली.

मराठी आणि उर्दूची अडचण

इंग्रजी प्रबंधावर ही मशीन जशी चालते तशी आपल्या भाषांवर चालत नाही. कारण साधे आहे. जे भांडारात नाही ते मशीनला दिसत नाही. मराठीतली जुनी मासिके, विशेषांक, ग्रंथालयांच्या कपाटात पडलेले प्रबंध यांतले फार थोडे कॉम्प्युटरवर आले आहे. जे आले तेही पुष्कळदा फोटोच्या स्वरूपात. उर्दूची तर अनेक पुस्तके इनपेजमध्ये छापली गेली आणि त्यांच्या पानांची फक्त चित्रे इंटरनेटवर आहेत. चित्रातली अक्षरे मशीनला आपोआप वाचता येत नाहीत.

दुसरी अडचण फॉन्टची. बर्डीवर बरेच टायपिंग अजूनही जुन्या फॉन्टमध्ये होते. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात तो इंग्रजीचा 'डी' असतो. म्हणजे आपल्याला मराठी दिसते आणि मशीनला अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. असा प्रबंध तपासला की साम्य शून्य! हे पाहून खूश होणारे लोक आम्हाला भेटले आहेत. तपासणीच झाली नाही, तर शुद्धतेचा दाखला कसला?

तिसरी अडचण आपल्या व्याकरणाची. विद्यार्थी, विद्यार्थ्याने, विद्यार्थ्यांसाठी, विद्यार्थ्यांमध्ये... प्रत्यय बदलला की शब्द बदलला. मराठीत शब्दांचा क्रमही इकडेतिकडे करता येतो. थोडी हलवाहलव केली की जुळणारे तुकडे तुटतात. आणि सर्वांत मोठी पळवाट भाषांतराची. उर्दूतला लेख मराठीत आणला आणि खाली स्वतःचे नाव घातले, तर एकही तुकडा जुळण्याची शक्यता कमी. आपल्या समाजात दोन्ही भाषा जाणणारे लोक पुष्कळ आहेत. म्हणून हा मोह आपल्याच वाट्याला जास्त येतो, हे आपण आपल्याशी कबूल करायला हवे.

'टक्के कमी करून देऊ'

टक्के कमी करण्याच्या दुकानदारीत काय होते, तेही ऐका. मजकूर एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात, ते प्रत्येक शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा वाटणारा दुसरा शब्द बसवते. २०२१ साली गिलॉम काबानाक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी असे शब्द छापील शोधनिबंधांतून गोळा केले आणि त्यांना 'छळलेले शब्दप्रयोग' असे नाव दिले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' याऐवजी 'खोटी जाणीव', 'स्तनाचा कर्करोग' याऐवजी 'छातीचा धोका' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द त्यांत सापडले. या हास्यास्पद शब्दांवरूनच ते निबंध पकडले गेले. आकडा कमी झाला, अब्रू गेली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने 'या वाक्याचा अर्थ काय' असे विचारले तर आपलीच मुलगी उत्तर देऊ शकणार नाही, असा प्रबंध विकत घ्यायचा कशाला?

माणसाची नजर मशीनच्या पुढे असते, याचे मोठे उदाहरण जर्मनीचे आहे. २०११ साली तिथले संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात उचललेला मजकूर सापडला. इंटरनेटवर जमलेल्या असंख्य स्वयंसेवकांनी तो प्रबंध ओळीओळीने वाचून मूळ स्रोत शोधले. त्यांची डॉक्टरेट गेली, आणि मंत्रिपदही.

आता त्यात 'हे लिखाण एआयने केले आहे का' हे ओळखणाऱ्या साधनांची भर पडली आहे. यांच्यावर तर अजून कमी भरवसा ठेवावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे साधन काढले. त्यांच्याच चाचणीत मशीनने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला त्याने मशीनचा ठरवले. सहा महिन्यांत कंपनीने ते मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी मशीनचे ठरवले. कारण काय? साधे शब्द, सरळ वाक्ये. म्हणजे उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकून जपून, सोपे इंग्रजी लिहिणारी आपली मुलगी संशयात सापडणार. शिक्षकांना आमची कळकळीची विनंती आहे. अशा आकड्यावरून कुणालाही खोटे ठरवू नका. समोर बसवा, दोन प्रश्न विचारा. ज्याने लिहिले आहे तो सांगू शकतो.

आपल्याकडची जुनी समज

नक्कल ही इंटरनेटने आणलेली बला नाही. इंग्रजीतल्या प्लेजरिझम या शब्दाच्या मुळाशी माणसे पळवणाऱ्यासाठी असलेला लॅटिन शब्द आहे. पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने तो कविता पळवणाऱ्यासाठी वापरला. मराठीत तुकोबांच्या अभंगांत सालोमालोची तक्रार आहे. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटातला सालोमालो तुकोबांच्या रचना आपल्या नावाने गातो, तो अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. अभंगात नाममुद्रा आणि गझलमध्ये तखल्लुस, दोन्हीकडे कवीने आपले नाव रचनेच्या आतच विणून ठेवले आहे.

उर्दूने तर या बाबतीत जी बारीक वाटणी केली, ती आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जमलेली नाही. दुसऱ्याचे उचलून आपले म्हणणे हा सरका. दोन शायरांना एकमेकांचे न ऐकता सारखाच मिसरा सुचणे हा तवारुद, त्यात गुन्हा नाही. दुसऱ्याचा मिसरा किंवा शेर उघडपणे घेऊन त्यावर आपली रचना बांधणे ही तजमीन, ती तर कला मानली गेली. उस्तादाने शागिर्दाचे लिखाण दुरुस्त करून देणे ही इस्लाह, ती तालीम. शब्द चारही ठिकाणी जुळतील, पण हिशेब चार वेगळे. मशीन मात्र चौघांनाही एकच रंग लावते.

आणि सनदीची परंपरा तर आपल्या घरातलीच. हदीस सांगणाऱ्याने ती कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून ऐकली, ही साखळी सांगितल्याशिवाय विद्वानांनी ती स्वीकारली नाही. इमाम जलालुद्दीन सुयूती यांचे निधन १५०५ साली झाले. लेखक आणि चोर यांतला फरक सांगणारे स्वतंत्र पुस्तकच त्यांनी लिहिले होते. ज्या समाजाच्या इल्मचा पायाच 'कुठून घेतले ते सांगा' हा आहे, त्या समाजातल्या मुलाला तळटीप लिहिणे जड का जावे?

घरापासून सुरुवात

खरी गोष्ट अशी की प्रबंधातली नक्कल प्रबंधात सुरू होत नाही. ती पाचवी-सहावीच्या प्रकल्पात सुरू होते. दुकानातून छापील चित्रांचा तक्ता आणायचा, मागची माहिती वहीत उतरवायची, अम्मीने चिकटवायचे, ताईने शीर्षक रंगवायचे आणि मुलाने सही करायची. आम्ही शिक्षकही सुबक वही पाहून जास्त गुण देतो. मग तेच मूल बी.एड.ला गेल्यावर मागच्या वर्षीच्या बॅचची पाठाची टाचणे उतरवते, आणि कुणालाच त्यात वावगे वाटत नाही. ही साखळी तोडायची तर मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरातल्या चार स्वतःच्या ओळींना पूर्ण गुण द्यायला शिक्षकांनी आणि शाबासकी द्यायला आईबापांनी शिकले पाहिजे.

ज्यांच्या घरी कुणी लिहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात इतके:

टिपण काढताना त्याच ओळीत पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक लिहा. निम्म्या चुका इथेच थांबतात.

जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह द्या. विचार घेतला आणि शब्द आपले वापरले, तरी ज्याचा विचार त्याचे नाव द्या. भाषांतर केले तर 'मूळ उर्दूवरून' असे लिहा, त्यात कमीपणा नाही.

मराठी प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करून घ्या. दुकानदाराला आधीच तसे सांगा.

आपले कच्चे खर्डे आणि तारखेसकट टिपणवह्या जपून ठेवा. उद्या कुणी संशय घेतला तर हाच तुमचा पुरावा.

अहवाल आला की आकड्यावर थांबू नका. कुठली ओळ कशाशी जुळली ते पाहा. जे वगळायला हवे ते वगळण्याची मागणी करा, आणि जिथे खरेच उचलले असेल तिथे पुन्हा लिहा.

'टक्के कमी करून देऊ' म्हणणाऱ्या दुकानातून सलाम करून बाहेर पडा.

आता "किती टक्के चालते?" या प्रश्नाचे आमचे उत्तर. नियमाच्या कागदावर दहा. पण नऊ टक्क्यांतही एखाद्या गरीब संशोधकाचा अख्खा निष्कर्ष चोरलेला असू शकतो, आणि पंचवीस टक्क्यांतही सगळे नाव देऊन, हिशेबाने घेतलेले असू शकते. आपल्या मुलांना आकड्याऐवजी एवढेच विचारा, यातले तुझे काय आणि दुसऱ्याचे काय, हे तुला बोट ठेवून दाखवता येईल का? ज्याला दाखवता येते त्याला कुठल्याही मशीनची भीती बाळगायचे कारण नाही.